सत्तर पानांचा वाद्यवृंद

परवा म्हापशाच्या बाजारात एका बाईच्या टोपलीत ताज्या तिरफळांचे घोस दिसले. हिरवेगार, देठांशी अजून पाणी धरून बसलेले. एक दाणा बोटांत चुरडला आणि तो वास, अर्धा लिंबाचा, अर्धा रानाचा, जिभेला मुंग्या आणणारा, थेट टाळूपर्यंत चढला. तिरफळांच्या वासाने कुणाला बांगड्याचं तिखलं आठवेल, कुणाला चतुर्थीचं भाज्यांचं खतखतं. मला व्हायोलिनं ऐकू येतात. एकदोन नव्हेत, वीस. त्यांच्यामागून तुतारीसारखं काहीतरी, मग नगारे, आणि या सगळ्यावर कुणाची तरी घाबरीघुबरी हाक, "बाकीचे खंय आसात?" भर बाजारात उभ्या उभ्या मला हसू फुटलं. टोपलीवाली म्हणाली, "हांसता कित्याक गे बाये? घेता जाल्यार घे." मी मुकाट्याने पिशवी पुढे केली. तिला काय सांगणार, की संगीताच्या एका कॅसेटच्या प्रकाशनाला मी तिरफळं घातलेलं खतखतं वाढलं होतं म्हणून!

मी बांद्याहून लग्न होऊन पेडण्याला आले तेव्हा गोवा राज्य होऊन तीनचार वर्षं झाली असतील. घरात सासूबाई, आमचे हे, आणि धाकटे दीर. भावोजींचं बाजारात रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. वय तिशीचं, अंगाने काडी, बोलणं मोजकं, आणि बोलताना नजर समोरच्या माणसाच्या खांद्यावरून पलीकडे, जणू मागे कुणीतरी हळू आवाजात वाजवतंय. लहानपणी शेजारच्या मेस्तांकडे ते व्हायोलिन शिकले होते. मेस्त म्हणजे चर्चमध्ये मुलांना सूर आणि स्वरलिपी शिकवणारे म्हातारे गुरुजी. मोबदला म्हणून भावोजी त्यांचा रेडिओ दुरुस्त करायचे, आणि शिक्षण लांबावं म्हणून असेल, तो रेडिओही सारखा बिघडायचा. याच मेस्तांचा पुतण्या बोटीवर नोकरीला होता. त्याने एकदा जपानहून एक कीबोर्ड आणि एक करड्या रंगाची चपटी पेटी आणली, दोन्ही भावोजींना वापरायला दिली, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात पाश्चात्त्य वाद्यवृंद बिऱ्हाडाला आला.

त्या पेटीला सिक्वेन्सर म्हणतात हे मला भावोजींनी पोळपाटावर लाटणं ठेवून समजावलं होतं. एका वाद्याचे सूर वाजवून पेटीला सांगायचे, ती ते लक्षात ठेवते. मग दुसऱ्या वाद्याचे, मग तिसऱ्याचे. असं एकेक करून सगळ्यांना आत बसवायचं आणि शेवटी एक कळ दाबली की सगळी मिळून वाजतात. फक्त पेटीतलं सारं वेळच्या वेळी फ्लॉपीच्या तबकडीवर उतरवून ठेवावं लागे, कारण मध्येच वीज गेली की पेटी सगळं विसरे. आणि आमच्याकडची वीज! दुपारी बाजार बंद असायचा, अवघं पेडणं झोपलेलं असायचं, तेव्हा भावोजी कानांवर हेडफोन चढवून माळ्यावर बसत. एका दुपारी सासूबाईंनी खोबऱ्याची चटणी करायला मिक्सर लावला आणि घराचा फ्यूज उडाला. माळ्यावरून जिना न दिसल्यासारखे भावोजी खाली आले. "आई," ते अगदी शांतपणे म्हणाले, "तुझ्या चटणीन वीस व्हायोलिनां मेलीं."

सासूबाईंनी चटणीचं भांडं तसंच खाली ठेवलं. त्यांना व्हायोलिन म्हणजे नेमकं काय हे ठाऊक नव्हतं, पण वीस जीव गेले एवढं त्यांना कळलं. दुसऱ्या दिवसापासून मिक्सर कपाटात गेला आणि परसातला पाटा-वरवंटा घरात आला. तीन वर्षं आम्ही पाट्यावर वाटलं. त्या काळात भावोजींना सांगून आलेली दोन स्थळं त्यांनी "एवढं पुरं होऊ दे" म्हणत परतवली. सासूबाईंनी त्याबद्दल कधी ब्र काढला नाही. फक्त वाटताना वरवंट्याचा आवाज जरा मोठा व्हायचा.

अखेर सहा रचना पुऱ्या झाल्या. दुकानातल्या दोन टेपांवर एकेक करून कॅसेटी भरल्या गेल्या, आणि मुखपृष्ठाचा प्रश्न आला. ते दिवस भाषावादाचे. आंदोलनाचा धुरळा खाली बसला होता, पण कपड्यांवर अजून होता. जो तो विचारी, "कॅसेट मराठी काय कोंकणी?" भावोजी म्हणत, "यात शब्दच नाहीत." त्यावर बाजारातल्या एका सद्गृहस्थांनी गंभीरपणे सांगितलं, "उतरां नासलीं म्हूण किदें जालें? भास आसतलीच मू!" भावोजींनी मोठ्या खुबीने नाव निवडलं, 'मळब'. कोंकणीत मळब म्हणजे आभाळ. छापखानेवाला मराठीचा अभिमानी, त्याने शुद्धलेखनाची चूक समजून परस्पर 'मळभ' केलं, म्हणजे आभाळ झाकोळून आलेलं. भांडण नको म्हणून शेवटी एका बाजूला 'मळब' आणि दुसऱ्या बाजूला 'मळभ' छापलं. त्यामुळे एका पक्षाचे लोक विचारत, इतकं मोकळं नाव आणि संगीत एवढं उदास का? दुसरे विचारत, नाव इतकं उदास, मग मध्ये एवढे नगारे कशाला?

प्रकाशन जमवलं आमच्या ह्यांनी. डिचोली तालुक्यातल्या, खाणीच्या रस्त्यावरच्या एका गावात देवस्थानचा उत्सव होता, तिथल्या अध्यक्षांशी ह्यांची ओळख होती. भावाच्या कौतुकाने ह्यांनी पत्र लिहिलं. पत्रात वाक्य होतं, 'सत्तर वाद्यांचा भव्य वाद्यवृंद आपल्या गावी सादर होईल.' वाक्यात खोटं काही नव्हतं. पेटीत वाद्यं सत्तरच होती. निघायच्या आदल्या दिवशी पेटी चादरीत गुंडाळताना भावोजी मला म्हणाले, "वयनी, फाल्यां कोणी आयकलें ना जाल्यार ही पेटी परत दितां. दुकान बरें." मी काहीतरी बोलायचं म्हणून "लोक ऐकतील" म्हटलं. पण चादरीची गाठ मारणाऱ्या त्यांच्या बोटांकडे मला बघवेना.

बारा वाजता आम्ही बसमधून उतरलो. भावोजी, हे, मी, सासूबाई, दोन स्पीकर, कॅसेटींचं खोकं आणि चादरीतली पेटी. देवळासमोर कमानीला झेंडूची तोरणं. अध्यक्ष पांढऱ्या जाकिटात स्वागताला उभे, मागे गावकरी, त्यांच्यामागे शाळकरी मुलींची रांग, प्रत्येकीच्या हातात ताट आणि ताटात नारळ. अध्यक्षांनी आमच्या डोक्यांवरून बसकडे पाहिलं. बस निघून गेली, तरी ते पाहत राहिले.

"बाकीचे खंय आसात?"

"बाकीचे ह्या पेटयेंत," भावोजी म्हणाले.

अध्यक्षांची एक रीत होती. मायकावर मराठी, घाबरले की कोंकणी. मिनिटभर त्यांना दोन्ही सुचेना. मग त्यांनी आम्हाला हाताने मागे नेलं. सभामंडपात केळीची पानं मांडली होती. सत्तर. चुलाणावर खतखत्याचं भांडं, मुगांची गाठी, गोडाचं मणगणं, भाताची रास. शाळेचे दोन वर्ग रिकामे करून पाहुण्यांसाठी चटया घातलेल्या. आणि कलावंतांवर धूळ उडू नये म्हणून अध्यक्षांनी शब्द टाकून खाणीचे ट्रक सकाळपासून रस्त्याकडेला थांबवून ठेवलेले. लाल धुळीने माखलेली ती रांग वळणापर्यंत गेली होती, आणि तिच्या सावलीत ड्रायव्हर उपाशी, वैतागून बसले होते. "शेजारच्या गावाक हांवें सांगलां," अध्यक्ष कपाळ पुसत म्हणाले, "सत्तर जाण येतात म्हूण. आतां तोंड खंय दाखोवूं?" भावोजी पेटी उचलून उलट्या पावली निघालेच होते.

तेव्हा सासूबाई पुढे झाल्या. तीन वर्षं पाट्यावर वाटण केलेली बाई ती. "पानां मांडल्यांत मू?" त्या म्हणाल्या. "मांडलेलं पान उठवत नाहीत. ते बघा, रस्त्यावर कितके उपाशी बसल्यात. त्यांना बोलवा. आमचा झील वाजयतलोच."

ड्रायव्हर आले. दोडामार्गचे, सावंतवाडीचे, कुडाळचे, माझ्या माहेरच्या बोलीतले. हातपाय धुऊनही बोटांच्या पेरांत लाल माती राहिलेली. सत्तर पानांवर पासष्टएक माणसं बसली, उरलेली पानं गावकऱ्यांनी भरली. मी खतखतं वाढलं. त्या घमघमाटात अध्यक्षांना हळूहळू मराठी परत सुचू लागली.

चार वाजता कार्यक्रम सुरू झाला. भावोजींनी कळ दाबली, आणि त्या मंडपात जे उसळलं ते मी पाट्यावर वाटताना माळ्यावरून कधी ऐकलंच नव्हतं, कारण ते नेहमी त्यांच्या हेडफोनमध्ये बंद असायचं. पण लोक माना उंचावून पडद्यामागे बघत होते. भावोजी पेटीशेजारी हात मांडीवर ठेवून बसलेले. पुढच्या रांगेतून एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "हो तर किदेंच करिना गे!" लोक हसले. ह्यांनी बाजूने खुणावलं, हात हलव, हात हलव! भावोजी उठले आणि पेटीसमोर उभं राहून, मेस्त चर्चमध्ये करायचे तसे, दोन्ही हातांनी ताल देऊ लागले. सभा गंभीर झाली. व्हायोलिनं चढत गेली, भावोजींचे डोळे मिटले, हात आभाळाला लागले, आणि वीज गेली.

त्यांना ते दोन-तीन सेकंद कळलंच नाही. शांततेत ते एकटेच हात हलवत राहिले.

जो हशा उठला तो मी विसरू शकत नाही. दुष्ट नव्हता, पण मोठा होता. भावोजींचे हात खाली आले. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मला वाटलं, आता पेटी परत जाणार. इतक्यात मागून एक ड्रायव्हर उठला. दाढीचे खुंट वाढलेला, चाळिशीचा. "कॅसेट आसा मां?" तो म्हणाला. "माझ्या ट्रकात टेप आसा."

एक ट्रक देवळासमोर आला. मग दुसऱ्याला वाटलं, आपला स्पीकर जास्त चांगला. मग तिसरा, चौथा, पाचवा. सगळ्यांनी मनाला येईल तेव्हा कॅसेट चालू केली आणि व्हायोलिनं एकमेकांचा पाठलाग करू लागली. भावोजी ओरडले, "बंद करा!" त्यांचा एवढा आवाज आम्ही प्रथमच ऐकला. त्यांनी पाचही कॅसेटी सुरुवातीला आणून घेतल्या, देवळाच्या पायरीवर उभे राहिले, हात वर केला. पाच ड्रायव्हर पाच केबिनींतून त्यांच्या हाताकडे बघत होते. हात खाली आला. पाच बोटं एकदम पडली. काही क्षण, अगदी काही क्षण, ते एकत्र वाजलं, आणि मंडपातली माणसं बाहेर येऊन स्तब्ध उभी राहिली. मग एका ट्रकाची म्हातारी बॅटरी मागे पडू लागली. भावोजी धावत त्या केबिनीशी गेले, तिथून पुढच्या, तिथून परत पहिल्या. ते धावत होते, कपाळावरून लाल घाम ओघळत होता, आणि ते हसत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर त्यांचं ऐकणारे वादक होते. बेसूर होते, पण होते.

निघताना अध्यक्षांनी सारे नारळ आमच्याबरोबर दिले. ड्रायव्हरांनी कॅसेटी नेल्या. पुढे काही महिने डिचोलीच्या रस्त्यांवर लोहखनिजाबरोबर ते संगीतही धावत होतं, असं लोक सांगत. काहींनी त्यावर लग्नाची गाणी भरली, हेही सांगत.

पेटी परत गेली नाही, पण भावोजी माळ्यावरही चढले नाहीत. साधारण दोन महिन्यांनी एका दुपारी मी डबा घेऊन दुकानात गेले होते, तेव्हा तोच खुंटदाढीचा ड्रायव्हर आला. टेप दुरुस्तीला टाकला, आणि घुटमळत मला म्हणाला, "बाय, तेंका सांगा, तिसऱ्या गाण्यात तो बासरीवालो श्वासच घेणा नाय."

भावोजींनी मान वर केली. "यंत्राला श्वास लागत नाही," ते जरा तुटक म्हणाले.

"यंत्राक नको. आयकणाऱ्याक लागता ना?" तो म्हणाला. "चढणीक आयकत होतंय, तर माझोच दम कोंडलो. मी दशावतारात बासरी वाजवतंय. इतक्या लांब फुकलंय तर माणूस मरात." आणि त्याने ट्रकातून आपली बासरी आणून, दुकानाच्या फळीशी उभं राहून तीच चाल वाजवून दाखवली. चार जागी थांबला. थांबला म्हणजे अगदी निमिषभर, छाती भरून घेण्यापुरता. भावोजी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून पाहत होते. मग त्यांनी पावतीबुक ओढलं आणि पाठकोऱ्या कागदावर चार खुणा केल्या. डबा तसाच निवत राहिला. त्यांची नजर पहिल्यांदाच समोरच्या माणसाच्या खांद्यावरून पलीकडे गेली नव्हती. कुणीतरी त्यांचं खरंच ऐकलं होतं, चूक सापडेपर्यंत ऐकलं होतं.

आता खाणींचे ट्रक रस्त्याकडेला गंजून वेलींनी झाकले गेलेत. टेप दुरुस्त करायला कुणी येत नाही, आणि सासूबाईही नाहीत. तो ड्रायव्हर कुठे असेल, कोण जाणे. त्याचं नाव विचारायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही. भावोजी साठीच्या पुढे आहेत. अजून रचतात, संगणकावर, आणि झालं की माझ्या फोनवर पाठवतात. संगीतातलं मला आजही फार कळत नाही. पण मी ऐकते ते एका जागेसाठी. सूर लांबत लांबत जातो, आता संपेल की काय असं वाटतं, आणि मग जरासा तुटतो. यंत्राला त्याची काही गरज नसते. तरी तिथे कुणीतरी छाती भरून घेतं, आणि त्याच्याबरोबर मीही.