नईममधली बुजवलेली पन्हळ

मुलीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही आमच्याकडची रीत. पण नंदाला डॉक्टरांनी विमानात बसायला मनाई केली आणि माहेरालाच उठून बहारीनला जावं लागलं. माहेर म्हणजे मी. राजापूर तालुक्यातल्या एका शाळेची मास्तरीण, बावन्न पावसाळे पाहिलेली आणि तोवर मुंबईपलीकडे पाऊल न टाकलेली. दोन महिन्यांची रजा काढली, डिंकाचे लाडू वळले, हळीव, वेखंड, बाळंतशेपा सगळं पुरचुंड्यांत बांधलं आणि सांताक्रूझहून विमानात बसले.

बहारीन वरून पाहिलं तेव्हा सुकत टाकलेल्या पापडासारखं दिसलं. भोवती हिरवट समुद्र आणि मधे सपाट, पिवळसर जमीन. डोंगर नाही, ओढा नाही. विमानतळावर कस्टमच्या माणसानं माझ्या पुरचुंड्या एकेक करून सोडल्या. वेखंडाचा तुकडा नाकाशी नेला आणि त्याला ज्या शिंका लागल्या, त्या थांबेपर्यंत मागची रांग हसत होती. "बेबी," मी हातानं पाळणा हलवून दाखवला. त्यानं डोळे पुसत माझी बॅग बंद करून दिली.

नंदा आणि सुधाकरराव मनामा शहराच्या नईम भागात राहायचे. जावई कारखान्यात फिटर, सित्र्याला कामाला. घर जुन्या अरबी पद्धतीचं होतं. मधे हौश (उघडं अंगण) आणि चारी बाजूंनी बुटक्या खोल्या. त्यातली गल्लीकडची एक खोली यांना भाड्यानं दिलेली, बाकीच्यात घरमालक. घरमालक म्हणजे तिघंच जण. म्हातारे अबू जासिम, त्यांची बायको उम्म जासिम आणि तिशीचा मुलगा जासिम. अबू म्हणजे बाप आणि उम्म म्हणजे आई. तिथे थोरल्या मुलाच्या नावानंच आईबापांना हाक मारतात, हे मला फार आवडलं.

अबू जासिम तरुणपणी मोती काढायला समुद्रात बुड्या मारायचे. पुढे गलबतावर मुंबईच्या फेऱ्या केल्या, त्यामुळे त्यांना गोदीतली हिंदी यायची. आता गुडघे गेले होते. आमच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत ते दिवसभर गादीवर पडून असत. मी आल्याचं कळताच त्यांनी मला बोलावून घेतलं, आल्याचा कडक चहा पाजला आणि विचारलं, "मास्तरनी, बम्बई में अभी भी उतनी बारिश?"

"त्याहून जास्त आमच्या गावाला," मी म्हटलं.

उम्म जासिम रोज काहीतरी झाकून आणायची. कधी मच्छबूस (मसाल्यात शिजवलेला मासळीभात), कधी गरम खुब्ज (भट्टीतली मोठी, पातळ रोटी). मासळीभात पाहून माझं कोकणी मन विरघळलं. मीही तिला सोलकढी दिली. तिनं एक घोट घेतला, गिळला आणि वाटी जासिमकडे सरकवली. त्यानं आईच्या धाकानं ती संपवली. असे पंधरा दिवस मजेत गेले.

मग पाऊस आला.

तिथे थंडीत पाऊस पडतो तो दोन-चार शिंतोड्यांचा. त्या वर्षी मात्र तीन दिवस हटला नाही. पहिल्या दिवशी अधूनमधून गाराही पडल्या. उम्म जासिमनं एक गार तळहातावर घेऊन सासऱ्याच्या वेळची आठवण सांगितली. इतका पाऊस तिनं लग्न होऊन आली त्या साली पाहिला होता म्हणे. गल्ल्यांना गटारं नव्हती, पाणी जिथे पडे तिथेच तुंबून राही. मोटारी पाण्यात बसल्या. वीज गेली. शाळा बंद. दुकानदार फळकुटांनी दुकानातलं पाणी बाहेर ढकलत होते आणि ते शेजाऱ्याच्या दुकानात जात होतं.

मला हसू आवरेना. "अगं, याला आमच्याकडे सर म्हणतात," मी नंदाला म्हटलं. "आणि ही माणसं बघ, जगबुडी आल्यासारखी धावतायत."

"आई, हळू बोल. त्यांना हिंदी कळते, मराठीही थोडी कळत असेल," नंदा म्हणाली.

पण मी कुठली ऐकते! दुसऱ्या दिवशी साडीचा काष्टा मारला, छत्री घेतली आणि गुडघाभर पाण्यातून भट्टीवर गेले. भट्टीवाला म्हणाला, "खुब्ज मफी" (रोटी नाही). मी तिथून पुढच्या गल्लीत गेले, दुसरी भट्टी शोधली आणि दोन्ही घरांपुरती खुब्ज घेऊन परतले. वाटेत दारादारांतून माणसं मला पाहत होती. माझी मान ताठ झाली. घरी येऊन अबू जासिमना सांगितलं, पाऊस कसा पेलायचा ते आमच्याकडून शिका.

ते हसले. "मास्तरनी, तुम्हारा छत टेढा. हमारा छत सीधा."

उतरत्या छपराचं आणि सपाट छताचं ते एक वाक्य होतं, आणि त्यात सगळं होतं. मुलांना तीस वर्षं शिकवणाऱ्या बाईला ते कळलं नाही.

त्या घरांची छतं अशी असत: आडवे वासे, त्यावर बांबूच्या कामट्या, त्यावर चटया आणि वर वीतभर माती चोपलेली. आमच्या खोलीवर अलीकडे सिमेंट ओतलं होतं, म्हाताऱ्यांच्या खोलीवर जुनी मातीच होती. पाऊस आला की घरातला कोणीतरी झाडू घेऊन वर जातो आणि साचलेलं पाणी मिरजामकडे लोटतो. मिरजाम म्हणजे छताच्या कठड्यातून गल्लीत निघालेली लाकडी पन्हळ, आमच्या आणि म्हाताऱ्यांच्या खोलीला मिळून एकच. जासिम दिवसातून चार-पाच वेळा वर जात होता. मी अंगणातून त्याला चिडवायचे, "क्या जासिम, छत को आंघोळ घालते हो?" तो हसून खांद्यावर झाडू टाकून जिना चढायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी नंदाच्या पोटात दुखू लागलं. जावई रात्रपाळीला गेलेले सित्र्यालाच अडकले होते, रस्ता पाण्याखाली होता. मी अंगणात आले तेव्हा जासिम झाडू घेऊन जिन्याशीच उभा होता.

"जासिम, नंदाला न्यायला हवं. अभी," मी म्हटलं.

त्यानं वर पाहिलं. "अम्मा, पाच मिनट. पहले ऊपर पानी..."

"पाच मिनिटं कसली! पोरगी अडली आहे."

त्यानं झाडू भिंतीला टेकवला. पिकअप त्यानं उंचावरच्या रस्त्यावर नेऊन ठेवली होती. ती आणायला तो धावत गेला. उम्म जासिम अबाया (अंगभर काळा झगा) घालून तयार झाली, इस्पितळात बोलायला कोणीतरी हवं म्हणून.

आमच्या खोलीचं दार गल्लीत उघडत असे आणि मिरजामची धार बरोबर त्या दारासमोर पडत होती. मनगटाएवढी जाड धार. उंबऱ्यावरून पाणी आत येत होतं, पायरीवर चिखल झाला होता. नंदा भिंत धरून उभी, आणि मला दिसत होतं की इथून बाहेर पडताना ती घसरणार. कोकणात पाण्याशी भांडण होतं ते जमिनीवर. छपरावरचं पाणी आपसूक जातं, त्याचा विचार कोणी करतच नाही. मी बाजूचं गोणपाट उचललं, जिना चढले आणि पन्हळीच्या तोंडात ते कोंबलं. वर एक दगड दाबला. धार थांबली. छतावरचं पाणी माझ्या घोट्यांपर्यंत होतं, ते मी पाहिलंसुद्धा. मनात म्हटलं, इतकी साधी गोष्ट यांना सुचू नये! नंदा गेली की काढून टाकू.

पिकअप आली. नंदा कोरड्या पायरीवरून सुखरूप उतरली. तिला धरून मीही गाडीत चढले आणि गोणपाट डोक्यातून पार गेलं.

वाटेत दोनदा गाडी बंद पडली. जासिम आणि रस्त्यावरची अनोळखी माणसं ती ढकलत होती, कमरेपर्यंत भिजत होती. "यल्ला, यल्ला," (चला, चला) उम्म जासिम आतून त्यांना ओरडत होती आणि एका हातानं नंदाची कंबर चोळत होती. इस्पितळात पोहोचल्यावर जासिम गेला नाही. काही लागलं तर, म्हणून बाहेर बाकावर बसून राहिला. दुपारी मुलगी झाली. मी रडले. उम्म जासिम माझ्याहून जास्त रडली.

संध्याकाळी उजेड असतानाच आम्ही तिघं परत निघालो. गल्लीच्या तोंडाशी माणसं जमली होती. कोणीतरी जासिमचा हात धरून अरबीत भराभर बोलू लागलं आणि उम्म जासिम खाली, पाण्यातच बसली.

अबू जासिमच्या खोलीचं छत खाली आलं होतं. शेजाऱ्यांनी त्यांना वाशांखालून ओढून काढून दुसऱ्या गाडीतून इस्पितळात पोहोचवलं होतं. खांदा आणि फासळ्या मोडल्या होत्या, जीव वाचला होता. आम्ही होतो त्याच इमारतीत ते होते आणि आम्हाला माहीत नव्हतं.

जासिम अंगणात उभा राहून भिंतीला टेकवलेल्या झाडूकडे पाहत होता. "पाच मिनट," तो म्हणाला.

त्या क्षणी मी सांगायला हवं होतं. ते मी केलं नाही. मी म्हटलं, "मैं ऊपर देखती हूँ," आणि जिना चढले. आमच्या बाजूचं छत शाबूत होतं. मी दगड काढला, गोणपाट ओढून काढलं आणि मागच्या बाजूच्या पडक्या आवारात फेकून दिलं. उरलेलं पाणी गल्लीत पडू लागलं. खाली आले तर उम्म जासिमनं माझे ओले हात आपल्या हातांत घेतले. एवढ्या पावसात वर गेले म्हणून ती माझे आभार मानत होती.

नईममध्ये त्या दिवशी आणखीही छतं पडली. पुढे अनेक रात्री मी त्यांचाच आधार घेऊन झोपायचा प्रयत्न केला. पण त्या छतांचं मला काय! त्यांच्या पन्हळी मी बुजवल्या नव्हत्या.

बाराव्या दिवशी बारसं केलं. उन्हं स्वच्छ पडली होती, गल्लीत पाण्याचा मागमूस नव्हता. उम्म जासिम खजूर आणि बाळाला चांदीच्या मनगट्या घेऊन आली. नवरा इस्पितळातून सुटून मुहर्रकला तिच्या भावाकडे राहायला गेला होता, तीही तिथेच होती. मी तिला एका बाजूला बसवून पेढा दिला आणि कशीबशी सुरुवात केली, "उस दिन छत का..."

"छत खलास, छोडो. छत नया बनेगा," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "इसका बाप इससे बात नहीं करता. जासिम रोज जाता है, पैर के पास बैठता है. बाप मुँह फेर लेता है. बोलता है, मैं अंदर लेटा था, लडका झाडू रखके गया."

समोर जासिम नंदाच्या मुलीला मांडीवर घेऊन बसला होता. उम्म जासिम माझ्याकडे पाहत होती, काहीतरी बोलेन म्हणून. मी म्हटलं, "हो जाएगा ठीक."

"इंशाल्ला," ती म्हणाली.

पुढचे चार आठवडे मी तिथे काढले. बाजार पाहिला, समुद्रकाठी गेले, मोत्यांच्या पेढीत पायही ठेवला. वाचकांना त्या सगळ्याचं वर्णन हवं असेल, पण मला त्यातलं फारसं काही आठवत नाही. आठवतो तो जासिम. शुक्रवारी सकाळी दाढी करून, इस्त्रीचा झगा घालून बापाकडे जाणारा आणि दुपारी गुपचूप परतणारा. मला विमानतळावर त्यानंच सोडलं. माझी बॅग त्यानं स्वतः उचलली. गाडीत आम्ही दोघंच होतो, अर्धा तास. मी त्याला विचारलं, लग्न कधी करणार.

गावी आल्यावर सगळ्यांना पेढे वाटले. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "तिकडे पाऊस झाला म्हणे. तुम्हाला त्याचं काय!" सगळ्या हसल्या, मीही हसले. त्या रात्री बसून मी जासिमला हिंदीत पत्र लिहिलं. पन्हळ, दगड, गोणपाट, सगळं. त्याला वाचून दाखवायला नंदाकडे पाठवलं.

महिन्यानं तिचं उत्तर आलं. 'आई, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. हे म्हणतात, आपल्याला इथे राहायचं आहे, पत्र फाडून टाक. मी फाडलेलं नाही, पण मी वाचूनही दाखवणार नाही. हे सांगणं माझं नाही. तुला सांगायचं असेल तर जासिमच्या नावानं सरळ पाठव, तो कोणाकडूनही वाचून घेईल. अबू जासिम अजून त्याच्याशी बोलत नाहीत.'

या गोष्टीला आता आठ महिने झाले. पत्ता माझ्याजवळ आहे. पाकीटही आणून ठेवलं आहे, असं इथे लिहिलं असतं तर शेवट बरा दिसला असता. पण मी पाकीट आणलेलं नाही. मी आधी हा लेख लिहिला, मराठीत, जी जासिमला वाचता येत नाही.