सुधाताईंच्या नावची सही

आमच्या दाराची घंटा मी परवा काढून टाकली. वाजली की आमचे हे, महिपतराव, असे दचकतात की बघवत नाही. यमाचं बोलावणं आल्यासारखा चेहरा होतो.

एरवी दर्पण कॉलनीत ह्यांना किरायेदारांचे वकील म्हणतात. वकील कसले डोंबलाचे! चोवीस वर्षं कुरिअरची पाकिटं वाटली, त्यातली निम्मी कोर्टकचेरीची. तेवढ्या ज्ञानावर गाडी चालते. पाच वर्षांपूर्वी काम सोडलं आणि हा उद्योग सुरू झाला. कुणाचा किराया थकला, मालकाची नोटीस आली, सरकारी आवास योजनेचा फॉर्म अडला, की लोक आमच्या व्हरांड्यात. हे फुकट अर्ज लिहून देणार आणि चहा मी करत बसणार!

ह्यांची एक पद्धत होती. कागद नंतर, आधी पोचपावती बघायची. तारीख कुठली, सही कुणाची. नोटीस घ्यायला टाळाटाळ करणाऱ्यांना तर असं झापायचे की मला आत ऐकू येई.

मार्चमध्ये एका गुरुवारी दाना ओली नावाच्या गल्लीतून सुधाताई आल्या. एकट्या बाई, शिवणकाम करतात, तीस वर्षं त्याच खोलीत किरायानं आहेत. कोर्टाचा माणूस सांगून गेला होता, सोमवारपर्यंत खोली रिकामी करा.

"शालिनीताई, दावा कधी लागला तेच मला ठाऊक नाही हो," त्या मला म्हणाल्या. "मालक दर महिन्याला किराया घेतोय, हसून बोलतोय!"

सोबत माझा भाचा समरजीत, तो खरा वकील. फाइलची नक्कल काढून आणली होती त्यानं. म्हणाला, "मावशी, सहा साल पहले समन्स गेलंय, पावतीवर इनका साइन आहे. ह्या कोर्टात आल्याच नाहीत, तो फैसला एकतर्फी हो गया. सही ह्यांची नाही, हे आता कोण सांगणार?"

ह्यांनी सवयीनं पावतीची नक्कल उचलली, आणि कितीतरी वेळ सहीवर बोट ठेवून बसले. चहा निवून गेला. "उद्या बघतो," एवढं बोलून उठले.

दुसऱ्या दिवशी हे जेवायलाही आले नाहीत. दुपारी पाहते तर व्हरांड्यात एकटेच बसून वहीच्या मागच्या पानावर "सुधा" लिहितायत. लिहायचं, खोडायचं, परत लिहायचं. मला वाटलं, डोकं फिरलं ह्यांचं. पान ओढून घेतलं आणि पावतीच्या शेजारी ठेवलं. अगं बाई! एकच हात.

"मालकाकडून पैसे खाल्लेत का?" मी ओरडलेच.

"नाही गं. तिसरा मजला होता."

एवढंच. मे महिना, अरुंद जिना, दुखरे गुडघे. खालीच सही ठोकली, पाकीट विजेच्या मीटरवर ठेवलं आणि पुढच्या गल्लीत गेले.

समरजीतनं बजावलं, "काका, हे कोर्टात बोललात तर केस तुमच्यावर होईल." पण शनिवारी हे तो जिना चढले, मागून मी. हात जोडून सगळं सांगितलं. बाईंनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. शिवणयंत्रावर हात ठेवून त्या हळूच म्हणाल्या, "मी घरीच असते हो. खालून हाक मारली असती तरी आले असते."

सोमवारी ह्यांनी शपथपत्र दिलं. खोली रिकामी करायला स्थगिती मिळाली, सुधाताई तूर्त तिथेच आहेत. ह्यांचं काय व्हायचं ते अजून ठरायचंय.

लोक अजून येतात, पण पावती पुढे केली की ह्यांचा हात मागे जातो. "चोवीस वर्षं गं," भिंतीकडे बघत म्हणतात. "अशा किती सह्या केल्या, आठवतसुद्धा नाही. त्यातलं कोण कोण रस्त्यावर आलं असेल?"

मी उठून आत जाते. काय बोलू? तेव्हा रोज संध्याकाळी ह्यांच्या गुडघ्यांना तेल चोळताना मीच म्हणायचे, कशाला चढता एवढे जिने? करून टाकायची खालीच सही, कोण बघतंय!