राखून ठेवलेलं प्रकरण

काल नातवाच्या रुमालावर निलगिरीचे थेंब टाकले आणि मी थेट बदलापूरला, कात्रपच्या सुलभाताईंच्या खोलीत जाऊन पोचले.

आमच्या वाचनगटात एकाच लेखिकेच्या कादंबऱ्या आम्ही ओळीने वाचत होतो. नियम एकच, शेवटचं प्रकरण रविवारी सगळ्यांनी मिळून मोठ्याने वाचायचं. सुलभाताई आजारी पडल्यावर बाकीची प्रकरणं मी त्यांना घरी जाऊन वाचून दाखवायची. त्या दिवशी शेवटच्या प्रकरणापाशी थांबले, तर निलगिरीचा रुमाल नाकावरून बाजूला करत त्या म्हणाल्या, "वाच गं पुढे. ती घरी परत येते का, तेवढं तरी बघ."

"अहं, नियम म्हणजे नियम. रविवारी गटात या, मग कळेल," म्हणत मी पुस्तक मिटून पिशवीत टाकलं. त्या हसल्या.

तो रविवार त्यांनी पाहिलाच नाही. पुढे आम्ही शेवट वाचला, तर नायिका परतलीच नव्हती. बरं झालं ताईंना कळलं नाही, असं वाटून मला तेव्हा हायसं वाटलं होतं.

आता नाही वाटत. शेवट पटला नाही की सुलभाताई लेखिका समोर बसल्यासारख्या तावातावाने भांडायच्या. त्यांचं शेवटचं भांडण मी पिशवीत घालून घरी घेऊन आले.