न हलणारी मशीन
सागाच्या भुश्याचा वास आला की परभणीचं ते दुकान आठवतं. आमी नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम तेच, लाकूड कापायची मशीन घेणं. घरी पाट-चौरंग करायचा मला लय नाद, पण म्हातारपणी हात थरथरायला लागले अन् करवतीनं एक फळी सरळ येईना. दुकानदार म्हणला, "बाबा, या वयात ही हलकीच घ्या, उचलायला सोपी." मी लगेच मान डोलावली. बायको म्हणली, "थांबा हो. हलकं जातं दळताना नाचतं, अन् पिठाचा भरडा होतो. ह्यांचे हात आधीच हलतात, त्यात मशीन बी हलली तर बोटं जातील." तिनं पाण्यानं काठोकाठ भरलेला गिलास त्या मशीनवर ठेवला. "लावा बटन." पाणी सांडलं. मग कोपऱ्यातली बिडाच्या, म्हंजे ओतीव लोखंडाच्या, जाड टेबलाची, पेटीबंद मोटारीची मशीन चालू केली, तर तिच्यावर परत भरून ठेवलेल्या गिलासातून थेंब सांडला न्हाई. दुकानदार हसला, "मावशी, दुकानात तुमीच बसा." "बसते की, आधी चहा पाजा." त्याच महिन्यात ती तापानं गेली, अन् आता घर खायला उठतं. पण दुकानात गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोतून तीच जड मशीन उतरली. मी पहिली फळी कापली, ती सुतात सरळ निघाली. मग ती फळी खांद्यावर टाकून मी आमच्या झरी गावाची गल्ली न् गल्ली फिरलो, भेटंल त्याला सांगत, "बघा, मशीन बायकोनं निवडलीय!"