गौसियाच्या कप्तानाची चाल

वडनेर भोलजीत गादी भरून घ्यायची असेल, तर लोक बद्रुद्दीनभाईंकडे येतात. हायवेच्या कडेला, माझ्या घराला लागूनच त्यांचं दुकान आहे आणि दुकानामागे घर. आता कापूस मशीनवर पिंजला जातो, पण कापूस पिंजायची त्यांची जुनी धुनकी अजून भिंतीवर टांगलेली आहे. तरुणपणी ती खांद्यावर टाकून ते गावोगाव फिरायचे आणि लोकांच्या अंगणात बसून गाद्या भरून द्यायचे. ही गोष्ट मात्र त्यांच्या मुलीची, गौसियाची आहे.

रजईला दोरे घालण्याआधी कापडावर खडूनं नक्षी आखून घ्यावी लागते. शाळेत असल्यापासून ते काम गौसियाकडे होतं. पट्टी न लावता ती रेघ मारायची आणि रेघ कुठे थरथरायची नाही. गिऱ्हाइकं सांगून जायची, “नक्षी पोरीच्याच हातची पाह्यजे बरं.” पुढे ती नांदुऱ्याला बी.कॉम. झाली. माझाही विषय वाणिज्यच. मी एका पतसंस्थेत हिशेब पाहतो, निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेत. ताळेबंद अडला की ती माझ्याकडे यायची, आणि जुळला की कागदाच्या कोपऱ्यात एखादी बकरी काढून ठेवायची.

बी.कॉम. झाल्यावर तिनं पुण्याच्या चार जणांना आपली चित्रं पाठवली. ते एक व्हिडिओ गेम बनवत होते, ‘तेरावं बेट’ नावाचा. त्यात एक म्हातारा समुद्री लुटारू आपलं हरवलेलं जहाज शोधत बेटाबेटावर हिंडतो. खेळणाऱ्यानं त्याला उड्या मारायला लावायचं, बेटांवरच्या भुतांशी लढायचं, बंद वाटा उघडायच्या, नवं हत्यार सापडलं की मागं राहिलेल्या जागी परत जायचं. सगळी चित्रं हातानं काढलेली हवी होती. गौसिया निवडली गेली. दुकानाच्या मागच्या खोलीत तिनं जुन्या शोकेसची काच दोन स्टुलांवर ठेवली, खाली ट्यूबलाइट लावली. काचेवर कागदावर कागद ठेवून ती त्या लुटारू कप्तानाचं एकेक पाऊल काढत असे. ही पोरगी कधी समुद्र पाहायला गेलेली नाही. लाटांचा फेस कसा काढतेस, असं मी एकदा विचारलं, तेव्हा तिनं खिडकीतून मशीनकडे बोट दाखवलं. तिथे पिंजलेला कापूस उडत होता.

यंदा गेम बाजारात आला. पुण्याच्या लोकांनी लगेच तिला पुढच्या गेमसाठी विचारलं. इकडे बी.एड.च्या प्रवेशाचे दिवस तोंडावर आले होते आणि बद्रुद्दीनभाईंच्या मनात मुलीनं मास्तरीण व्हावं असं होतं. ते हट्टी नाहीत. त्यांनी तिला सांगून टाकलं, “ज्याईले यातलं समजते त्याईनं काम चांगलं म्हटलं, तर कर. नाही तर बी.एड. आन् त्याईनं काय लिवलं ते किसनराव वाचून दाखवतीन. तू नाही.” किसनराव म्हणजे मी.

मग एका शुक्रवारी, नमाजनंतर, मी चष्मा घेऊन दुकानात गेलो. गेमवर आलेली परीक्षणं बहुतेक इंग्रजीत होती. गौसियानं ती मोबाइलवर काढून दिली आणि गाद्यांच्या थप्पीला टेकून बसली. तिचा भाऊ जाकीर म्हणाला, “काका, चांगलं चांगलं तेवढं वाचजा.”

“काऊन बे?” बद्रुद्दीनभाई म्हणाले. “कापूस घेताना तू वरचाच पाह्यतो का? बोऱ्यात हात घालून खालची मूठ काढतो ना? तसंच. वाचा किसनराव, सारं वाचा.”

मी तारखेच्या क्रमानं सुरुवात केली. पहिलं एका परदेशी साइटवरचं. लिहिणाऱ्यानं म्हटलं होतं की या खेळातली प्रत्येक रेघ जिवंत आहे, आणि लाटांचा इतका मऊ फेस त्यानं दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेला नाही. बद्रुद्दीनभाईंनी मिशीवरचा कापूस झटकला आणि नुसतं “बरं” म्हणाले. दुसरं मुंबईच्या एका बाईंचं. चित्रांची तारीफ होती, पण पुन्हा पुन्हा त्याच बेटांवर परतावं लागतं, त्याचा कंटाळा येतो, अशी तक्रार होती.

“यात काय झालं?” बद्रुद्दीनभाई म्हणाले. “म्या तर सारी उमर त्याच त्या गावाईले गेलो.”

“तुमाले गिऱ्हाईक भेटे, अब्बा,” जाकीर म्हणाला. “इथं भूत भेटते.”

“उधारीवाल्या गिऱ्हाइकापक्षा भूत बरं.”

गौसिया पहिल्यांदा हसली. तिसरं परीक्षण मी आधी मनात वाचलं आणि थांबलो. पुढचं वाचावं की नाही, असा विचार माझ्या मनात आला, हे खरं आहे.

“खालची मूठ आली वाटते,” बद्रुद्दीनभाई म्हणाले. “वाचा.”

मी वाचलं. एका नावाजलेल्या समीक्षकानं लिहिलं होतं, ‘या खेळाची सर्वात मोठी चूक म्हणजे त्याचा नायक. हा लुटारू वाटतच नाही. त्याचा एक खांदा उतरलेला आहे, मान पुढे आहे, खांद्यावरचं हत्यार तो ओझ्यासारखं वाहतो. दिवसभराचं काम संपवून घरी निघालेल्या थकल्या माणसासारखा तो चालतो. समुद्रावरची दहशत अशी नसते.’

गौसिया नखानं गादीचा दोरा उसवत होती. कप्तान सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिनं एकटीनं काढला होता.

“दाखव मले तो कप्तान,” बद्रुद्दीनभाई म्हणाले. जहाजाची चित्रं त्यांनी पाहिली होती, पण गेम चालताना कधी पाहिला नव्हता.

तिनं मोबाइल पुढे धरला. वाळूवरून कप्तान चालत निघाला. डावा खांदा खाली, मान पुढे, लांब हत्यार खांद्यावर आडवं. जाकीर तोंडावर हात ठेवून हसू लागला. गौसियाची आई, आमच्या भाभी, आतून चहा घेऊन आल्या होत्या, त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, “अगं बाई, हे तर तुमीच हाय.”

बद्रुद्दीनभाईंनी मोबाइल हातात घेतला, भिंतीवरच्या धुनकीकडे पाहिलं, पुन्हा मोबाइलकडे पाहिलं.

“काऊन काढला गं मले?”

“मुद्दाम नाही काढला, अब्बा,” गौसिया म्हणाली. “कप्तानाची चाल काढाले बसलं का दुसरं कोनी हातातून उतरतच नव्हतं. तुमी सोनाळ्याकडून गाद्यांचा हंगाम करून यायचे, एष्टीतून उतरायचे. तोंड दिसत नसे, तरी चालीवरून मले वळखू येत होतं.”

ते बराच वेळ कप्तानाला चालवत राहिले. मग माझ्याकडे वळले.

“किसनराव, हा लिहिनारा कुठला हाय?”

“लंडनचा.”

“त्यानं मले कधी पाह्यलं?”

“कसं पाहील?”

“तरी त्याले समजलं का हा मानूस काम करून घरी चालला. खांदा उतरेल हाय, हेही समजलं.” त्यांनी मोबाइल गौसियाच्या हातात दिला. “मंग पोरीनं काढलं ते बराबर काढलं का नाही? त्याले लुटारू पाह्यजे होता, तो त्याचा प्रश्न. पुन्यावाल्याईले हो म्हन, बेटा.”

गौसिया मान खाली घालून म्हणाली, “हाव.” जाकीरनं विचारलं, “आन् बी.एड.?”

“तू कर,” बद्रुद्दीनभाई म्हणाले.

त्याला आता काही महिने झाले. गौसिया मागच्या खोलीत काचेवर वाकून पुढच्या गेमची चित्रं काढते आहे. ‘तेरावं बेट’ची बरीच परीक्षणं आली, बहुतेक चांगली. बद्रुद्दीनभाईंनी ती एकेकदा ऐकली आणि सोडून दिली. पण दुकानात नवं गिऱ्हाईक आलं आणि मी घरी दिसलो, की भिंतीपलीकडून हाक येते. मग मी चष्मा लावून तेच तिसरं परीक्षण मराठीत वाचून दाखवतो. ‘थकल्या माणसासारखा तो चालतो’ हे वाक्य आलं की बद्रुद्दीनभाई उठतात, गिऱ्हाइकासमोर दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवतात आणि म्हणतात, “पाहा. लंडनवाल्यानं छापलं हाय.”