‘अ‍ॅबॉर’चा वाक्यात उपयोग

उचगावच्या प्रभावतीबाई निवृत्त झाल्या, तरी इंग्रजी शिकवायचं त्यांचं सुटलं नव्हतं. सकाळी सोप्यात दहावीच्या मुली बसत. त्या दिवशी धड्यात ‘अ‍ॅबॉर’ (abhor) हा शब्द आला. संयोगितानं झटकन अर्थ सांगितला, “राग येणं.”

“न्हवं गं,” बाई म्हणाल्या. “राग आज येतो, उद्या जातो. अ‍ॅबॉर म्हणजे मनापासनं किळस. नुसतं नाव काढलं तरी घास उतरत न्हाय, अशी. कारल्याची भाजी आवडत न्हाय म्हणून हा शब्द वापरायचा नसतो. क्रूरपणाला वापरायचा, ढोंगाला वापरायचा.”

“माणसाला चालतो, बाई?”

बाईंची नजर दाराकडं गेली. दशलक्षण पर्व संपलं होतं आणि आज क्षमावणीचा दिवस. जैनांच्या घरोघरी माणसं एकमेकांची क्षमा मागत होती. थोड्या वेळात त्यांचा थोरला भाऊ जयपालही येणार होता.

दोघांच्या धाकट्या बहिणीनं, सोनलनं, मराठ्याच्या पोराशी लग्न केलं, तेव्हा जयपालनं ती मेली असं समजून अंघोळ केली होती. पुढं बाळंतपणात ती खरंच अत्यवस्थ झाली. गडहिंग्लजच्या दवाखान्यातून तिनं आईशी बोलायला घरी फोन लावला. जयपालनं आवाज ओळखला आणि ‘राँग नंबर’ म्हणून ठेवून दिला. वर हे चारचौघांत ताठ मानेनं सांगितलं. सोनल गेली. आईला कळलं ते राख सावडून झाल्यावर.

असला हा माणूस दरवर्षी पेढे घेऊन यायचा, हात जोडून ‘उत्तम क्षमा’ म्हणायचा. बाईही म्हणायच्या. रीतच होती, मोडायची कशी? मग गडी गावभर सांगत फिरायचा, “प्रभानं मला कवाच माफ केलंय.” त्या दोन शब्दांवर तो निवांत झोपत होता, आणि बाईंची झोप उडालेली होती.

जयपाल आला. मुलींच्या देखतच हात जोडून म्हणाला, “उत्तम क्षमा, प्रभा.”

बाईंचे हात सवयीनं वर आले, पण जुळेनात.

“अगं, म्हण की! पोरी बघाय लागल्यात.”

“अण्णा,” बाई म्हणाल्या, “औंदा मीच तुझी क्षमा मागते.”

जयपाल खुलला. “तू? ती आणि कशाची?”

“इतकी वर्षं तुला क्षमा केली म्हणून खोटं बोलत आले, त्याची.”