आत्याचे हात आणि अठ्ठेचाळीस तास

आमच्या आत्याला सगळं खानदान ‘हिरॉइन’ म्हणतं, आणि त्यात कौतुक काडीचंही नाही. गेली एक्केचाळीस वर्षं ती येईल त्याला सांगत आलीय, की मी सिनेमात आहे. अख्खी नाही हं. नुसते हात.

एकोणिसाव्या वर्षी ती टायरच्या दुकानावरच्या एका शिवणकामाच्या खोलीत कॉलर लावायला होती. अकरा मशिनं, एक खिडकी आणि दिवसभर ‘बोलू नका’ असं बोलत बसणारा मालक. तिथे एकदा सिनेमावाले आले. त्यांच्या नायिकेला नवऱ्याच्या शर्टाचं बटण लावायचं होतं, आणि बाईला मेलं सुईत दोरा ओवता येईना. मग आत्याच्या अंगात नायिकेचा झगा चढवला, सकाळी नऊपासून चारपर्यंत तिच्याकडून एकच बटण सतरा वेळा लावून घेतलं आणि चहा-बिस्किटं देऊन तिला पुन्हा कॉलरींकडे धाडलं. एवढंच. पण माणसं आयुष्यभर याहून कमी गोष्टींवर मिजास करतात, मग हिने का करू नये?

पुढे लग्न झालं, मुलगी झाली, आणि मशीन स्वयंपाकघराच्या खिडकीखाली कायमचं बसलं. शाळेचे गणवेश, नर्सबाईंचे कोट, साऱ्या गल्लीच्या पँटींच्या मोहऱ्या. माझ्या लहानपणीच्या सगळ्या बाह्या आत्यानेच लांब केल्या. टाके घालता घालता ती बटणाची गोष्ट सांगायची, आणि आम्ही पोरं तिच्या पाठीमागे हात नाचवून तिची नक्कल करायचो. त्यात मी सगळ्यांत पुढे. खोटं कशाला सांगू?

काका, म्हणजे आत्याचे यजमान, पाणीखात्यात मीटर रीडर होते. तेहतीस वर्षं लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे वाचले आणि एकाही माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. लग्नानंतर आठवड्याभरात आत्याने बटणाची गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले होते, “दाखव.” दाखवणार काय डोंबल! सिनेमा आठवडाभर चालून जो गडप झाला, तो टीव्हीवर कधी लागला नाही की कुठल्या दुकानात दिसला नाही. तेव्हापासून घरात कुणी थाप मारली की काका म्हणतात, “हं, बटण लाव.”

तर हा सिनेमा मला यंदा सापडला. मी चष्म्याच्या दुकानात नंबर काढते. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून सहज नाव टाकलं, तर एका साइटवर तो भाड्याने मिळत होता. नियम असा, की भाड्याने घ्या, महिन्याभरात कधीही सुरू करा, पण एकदा सुरू केलात की अठ्ठेचाळीस तास. मग खेळ खलास. मी शनिवार, रविवार आणि सोमवारची रजा गाठली, लॅपटॉप उचलला आणि आत्याकडे दाखल झाले.

आत्याला सांगितलं तेव्हा वाटलं होतं, आनंदाने मिठी मारेल. ती म्हणाली, “अगं बाई,” आणि उगाचच गॅस पुसायला लागली.

आत्याचा टीव्ही मोठा आहे, पण अडाणी. त्याला इंटरनेट म्हणजे काय ते ठाऊक नाही. म्हणून लॅपटॉप स्टुलावर, स्टूल टीव्हीला चिकटून, मधे वायर, आणि वायर आखूड म्हणून मी जमिनीवर. शनिवारी दुपारी चार वाजता सुरू केलं तर आवाज येतोय आणि चित्र काळंकुट्ट. कुणीतरी काळोखात भांडत होतं. “हात दिसले का?” काकांनी विचारलं. मी वायर आणि लॅपटॉप यांच्यामधला जोड काढून फेकला, कोपऱ्यावरून नवी वायर आणली, तेव्हा चित्र टीव्हीत आलं, आणि आवाज लॅपटॉपमध्येच राहिला. अर्धा तास सेटिंगं धुंडाळताना माझ्या नाकी नऊ आले. काका मागून सूचना करत होते, उंटावरून शेळ्या हाकायला जातंय काय!

शेवटी चित्र आणि आवाज एका जागी नांदायला लागले. पंचवीस मिनिटं झाली आणि आत्याच्या जाऊबाई आल्या. आत्या म्हणाली, “पहिल्यापासून लाव गं. त्यांना कसं कळायचं?”

लावलं. आत्याच्या घरी हा नियमच आहे, की उशिरा येणाऱ्याला मधून काही दाखवायचं नाही. साधी भांडणाची हकीकत असली तरी नव्या माणसासाठी ती पहिल्या शिवीपासून सांगतात. पुन्हा चाळीस मिनिटं झाली आणि खालच्या मजल्यावरचे औषधांच्या दुकानाचे मालक आले. आत्याने त्यांना मुद्दाम फोन करून बोलावलं होतं. पहिल्यापासून. रविवारी सकाळी आत्याची मुलगी आली. पहिल्यापासून. ती पोरांना आणायला जाऊन परत आली, तेव्हा आत्या म्हणाली, “ही विसरली असेल.” पहिल्यापासून! रविवार संपेपर्यंत आम्ही तो सिनेमा सात वेळा सुरू केला होता आणि एकदाही पाऊण तासाच्या पुढे गेलो नव्हतो. नायिकेचा बाप मला सात वेळा मेलेला पाठ झाला. नायिकेचं अजून लग्नही झालं नव्हतं, मग नवऱ्याचा शर्ट कुठला आणि बटण कुठलं?

“ताकाला जाऊन भांडं लपवतेय ही,” काका म्हणाले. “हातबीत काही नाहीत. उगाच हात दाखवून अवलक्षण.”

सोमवारी दुपारचे तीन वाजले. एक तास उरला होता. संध्याकाळच्या बसने मी आणि माझा लॅपटॉप परत जाणार होतो. हॉलमध्ये काका, जाऊबाई आणि औषधवाले हजर. मी म्हटलं, “आत्या, आता बाप मरायला नको. मी सरळ बटणावर नेते.” तर बाईसाहेब म्हणतात, “सिनेमा काय असा उड्या मारत बघतात? आणि माझी मुलगी यायचीय ना अजून.”

माझं डोकंच फिरलं. मी तिला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं. “तीन दिवस जमिनीवर बसून माझी कंबर मोडलीय. तुझ्यासाठी! तुला दाखवायचंय की नाही?”

आत्या मशीनच्या स्टुलावर बसली. चाकावर हात ठेवला आणि म्हणाली, “मी तरी कुठे पाहिलाय गं?”

“काय?”

“सिनेमा लागला तेव्हा आई आजारी. मी तिच्या उशाशी. उठून बाहेर येते तोवर उतरला. मी कधी बघितलाच नाही.” ती माझ्याकडे बघेना. “कापला असेल तर? सिनेमावाले कापतात म्हणे. मी मेली एक्केचाळीस वर्षं सांगत सुटलेय. आणि हे तिथे बसलेत.”

मी तिच्या पाठीमागे नाचवलेले सगळे हात मला आठवले. लाज वाटली, चांगली सणसणीत. मी म्हटलं, “नसेल तर नसेल. वीज गेली असं सांगू.”

“भर दुपारी, पंखा चालू असताना?” आत्या म्हणाली, पण उठली. तोंड धुतलं, केस नीट केले आणि बाहेर येऊन काकांच्या शेजारच्या खुर्चीत बसली. “लाव,” म्हणाली.

मी पुढे नेत गेले. लग्न झालं, नवरा नोकरीला लागला, नवरा चिडला, नवऱ्याचा शर्ट खुर्चीवर पडला. तिथे मी सिनेमा हळूच चालू सोडला. नायिका शर्ट उचलते, खिडकीशी बसते, आणि मग पडदाभर दोन हात. बोटांत सुई, शर्टावर पांढरं बटण. एक टाका, दुसरा टाका.

“आहेत!” जाऊबाई ओरडल्या आणि टाळ्या पिटायला लागल्या. औषधवाले म्हणाले, “वा, वहिनी, वा!” माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काका ताठ बसले होते.

“थांबव,” आत्या म्हणाली.

मी थांबवलं. ती उठून टीव्हीजवळ गेली, अगदी नाक लागेल इतकी जवळ.

“हे माझे नाहीत,” ती म्हणाली. “ही उजव्या हाताने शिवतेय. मी डावरी.”

ती डावरीच आहे. तिच्या कात्रीने त्या घरात दुसऱ्या कुणाला दोरासुद्धा कापता येत नाही.

“हिरॉइन उजवी होती ना,” आत्या म्हणाली. “त्यांच्या मागाहून लक्षात आलं असेल. बसवली असेल दुसरी कुणी.” बाही दोन बोटं आखूड झालीय, असं गिऱ्हाइकाला सांगावं तशा आवाजात तिने हे सांगितलं आणि ती परत येऊन बसली. जाऊबाईंना टाळ्यांचं काय करावं ते कळेना. मला तो लॅपटॉप खिडकीबाहेर फेकावासा वाटला. कशाला शोधला मी मेला हा सिनेमा! इतकी वर्षं निदान तिची ती खात्रीने सांगत तरी होती.

मग काका उठले. टीव्हीसमोर गेले, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि बराच वेळ बघत राहिले.

“उलटं आहे,” ते म्हणाले.

“काय उलटं?”

“चित्र. कॉम्प्युटरवरून येतंय ना ते. हिने वायर उलटी खोचलीय, म्हणून डावं ते उजवं दिसतंय.”

पडद्यावर त्या हातांच्या मागे, भिंतीवर घड्याळ होतं. त्यातले बाराच्या बारा आकडे सरळ होते. आणि सगळा जन्म आकडे वाचण्यात गेलेला माणूस त्यांच्यापासून वीतभर अंतरावर उभा होता.

“काय गं,” त्यांनी मान वळवून मला विचारलं, “उलटी लागलीय ना वायर?”

“हो काका,” मी म्हटलं. “उलटीच लागलीय.”

“बघ!” काका आत्याला म्हणाले. “एवढी वर्षं बघतोय मी हे हात. तू मला शिकवू नकोस.”

आत्याने पडद्यावरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग काकांकडे.

“अहो,” ती म्हणाली, “चष्मा लावा आधी.”

“लावलेलाच आहे,” काका म्हणाले.